तह झाल्यावरची लढाई

ब्रिटिशांशी लढाई म्हटलं की पनवेलच्या माणसाला आधी शेजारचं शिरढोण आठवतं, आद्य क्रांतिकारकाचं जन्मगाव. शाळेची सहल शिरढोणला, भाषणं शिरढोणवर, चित्रकलेची स्पर्धाही त्याच विषयावर. म्हणून वाचनालयाच्या चिटणिसांनी मे महिन्यातल्या व्याख्यानासाठी फोन केला तेव्हा आधीच हात जोडले. म्हणाले, "बाई, या वेळी शिरढोण सोडून काहीतरी सांगा. दर वर्षी तेच होतं आणि लोक निम्म्यातून चहाला उठतात."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. काय सांगू नका हे मला कोणी सांगितलं की माझ्या अंगात येतं.

"अमेरिकेवर बोलते," मी म्हटलं. "अमेरिकेची इंग्रजांशी लढाई."

"चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या ती ना?"

"ती नव्हे. त्यानंतरची. दुसरी."

अशी दुसरी लढाई झाली होती हे चिटणिसांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे निवृत्त होईपर्यंत मलाही धड ठाऊक नव्हतं. रोडपालीच्या फ्लॅटमध्ये दुपारी वेळ जाईना म्हणून वाचायला घेतलं आणि त्या लढाईने मला पकडलं.

अमेरिका तेव्हा नवी नवी होती. तीसेक वर्षांपूर्वी इंग्रजांपासून वेगळी चूल मांडलेली. वेगळं झालं तरी मोठ्या घराची सवय जात नाही. इंग्रजांचं आरमार भर समुद्रात अमेरिकन जहाजं थांबवायचं आणि 'हा आमचाच माणूस' म्हणून त्यांवरचे खलाशी उचलून न्यायचं. विचारणं नाही, सांगणं नाही. इतरही भांडणं होती, पण अमेरिकनांच्या मनाला लागलं ते हे. शेवटी १८१२ साली त्या एवढ्याशा राष्ट्राने जगातल्या सगळ्यात मोठ्या आरमाराशी युद्ध पुकारलं.

मला ते अमेरिकन आवडायचे. मी घरात धाकटी. धाकट्याला काही नको असतं, फक्त विचारलेलं हवं असतं, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्या वेळी माझं माझ्या मोठ्या भावाशी बोलणं बंद होऊन सात वर्षं झाली होती.

माझं माहेर उरणच्या वाटेवर, खाडीकाठी. आम्ही आगरी. भाताची खाचरं होती आणि एक लहानसं मिठागर. ते सगळं सरकारने घेतलं आणि आमच्याकडे सगळीकडे मिळतो तसा घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांएवढा भूखंड परत दिला. असा भूखंड मिळाला की घरातल्या बहिणींनी हक्कसोडावर सही करायची, ही आमच्या गावांची रीत. सही केली की माहेर राहतं, नाही केली की तुटतं. मला सही करायचीच होती. जमीन नको होती मला, देवाशपथ नको होती. मला एवढंच वाटत होतं की दादूस, म्हणजे माझा मोठा भाऊ, एक दिवस रोडपालीला येईल, पंख्याखाली बसेल, चहा घेईल आणि म्हणेल, "बाय, सही देशील काय?" मी लगेच दिली असती, आणि वर जेवायला घातलं असतं.

दादूस आला नाही. त्याने कागद एका एजंटाच्या हाती पाठवले. तो माणूस शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावून आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, फुल्या मारल्यात तिथे सह्या करा. तुमच्या भावाने सांगितलंय, ती करेल, तिला काय विचारायचंय." मी फुल्या मारल्या होत्या तिथे सह्या केल्या, ठरल्या दिवशी कचेरीत जाऊन आले आणि त्या दिवसापासून भावाशी बोलले नाही. त्याचे सकाळचे फुलांचे फोटो फोनवर येत राहिले. मी एकालाही उत्तर दिलं नाही. राईचा पर्वत केलास, असं नवरा म्हणायचा. तो त्याच्या घरात एकुलता एक, त्याला काय कळणार.

आता आगोटीबद्दल सांगायला हवं. पाऊस सुरू व्हायच्या आत चार महिन्यांचं सामान घरात भरून ठेवायचं, याला आमच्याकडे आगोट म्हणतात. जवळा, सोडे, बोंबील अशी सुकी मासळी, मसाला, जाडं मीठ. भाऊ आपल्या घरची आगोट भरताना बहिणीचीही भरतो. आमच्याकडे त्यासाठी एक पत्र्याचा चौकोनी डबा होता, पूर्वी कधी बिस्किटांचा असावा. त्यावरच्या चित्रातली मेम पार पुसून गेली होती, तिची फक्त छत्री उरली होती. माझं लग्न झाल्यापासून दर वैशाखात तो डबा भरून यायचा आणि मी तो परत पाठवायचे. पण रिकामा नाही. भांडं रिकामं परत करू नये ही शिकवण मला आईच्या दुधाबरोबर मिळालेली. नाचणीचे लाडू, नाहीतर तांदूळ, काहीच नसलं तर साखरेची मूठ. डबा गेला आणि आला की दोन्ही घरं ठीक आहेत असं समजायचं.

बोलणं बंद झालं तसा डबाही बंद झाला.

तर व्याख्यान. रविवारची संध्याकाळ, उकडून जीव जात होता, वाचनालयाचे पंखे नुसता आवाज करत होते. तीसेक माणसं असतील, बहुतेक निवृत्त, दोघं-तिघं पहिल्या पाच मिनिटांतच पेंगायला लागलेले. मी बोलायला उभी राहिले आणि मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर दादूस दिसला.

पांढरा सदरा घातला होता, हळदीला जाताना घालतो तसला. मांडीवर निळी नायलॉनची पिशवी. त्याला कोणी सांगितलं, ठाऊक नाही. वाचनालयाबाहेर फळ्यावर माझं नाव होतं, येता-जाता वाचलं असेल. चेहरा बारीक झाला होता. आणि त्या खोलीत हळूहळू सुक्या जवळ्याचा वास पसरायला लागला. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदर नाकाला लावला आणि इकडेतिकडे पाहिलं. त्या पिशवीत काय आहे ते मला त्याच क्षणी कळलं.

मी बोलत राहिले. आवाज चढला होता, कारण आता मी कोणासाठी बोलत होते ते मला माहीत होतं. खलाशी उचलून नेण्याबद्दल बोलताना मी म्हटलं, "प्रश्न माणसांचा नव्हता, प्रश्न न विचारण्याचा होता," आणि सरळ मागच्या रांगेकडे पाहिलं. दादूस मान हलवत ऐकत होता, शाळेत हुशार मुलं ऐकतात तसा.

मग तहाची गोष्ट सांगितली. अडीच वर्षं लढून दोघंही दमले. युरोपात बसून तह लिहिला, आणि त्या तहात ज्या कारणावरून लढाई पेटली त्याचा शब्दही नाही! खलाशी उचलले ते बरोबर की चूक, काही नाही. जो जिथे होता तिथे परत गेला, मिटलं म्हणाले आणि सह्या केल्या. लोक हसले. मी म्हटलं, "आपल्याकडच्या भाऊबंदकीत असं कधी मिटेल का?" लोक आणखी हसले. तहाची बातमी शिडाच्या जहाजाने जायची, त्यामुळे ती अमेरिकेत पोचण्याआधीच दक्षिणेत एक मोठी लढाई होऊन शेकडो माणसं मेली. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

शेवटची गोष्ट मी राखून ठेवली होती, कारण तिचा संबंध आपल्याशी होता. तह होऊन सहा महिने झाल्यावर, इकडे जावाजवळ सुंदाच्या सामुद्रधुनीत, शांत समुद्रावर, एका अमेरिकन लढाऊ जहाजाला इंग्रजांचं एक छोटं जहाज दिसलं. अमेरिकन जहाजाचं नाव चक्क मोर. आणि इंग्रजांचं ते छोटं जहाज मुंबईच्या आरमारातलं, कंपनी सरकारचं. त्यावरचे खलाशी बरेचसे हिंदी, म्हणजे बहुधा आपल्याच किनाऱ्यावरचे. छोट्या जहाजावरून साहेबाने ओरडून सांगितलं, तह झालाय, लढाई संपली. अमेरिकन कप्तानाला वाटलं ही थाप आहे, निसटून जायची युक्ती आहे. तो म्हणाला, खरं असेल तर आधी निशाण उतरव. तो साहेबही हट्टी, म्हणाला, नाही उतरवणार. झालं, तोफा सुटल्या. माणसं मेली, त्यात आपल्याकडचे खलाशीही मेले. मग निशाण उतरलं. दुसऱ्या दिवशी कप्तानाला कागद पाहायला मिळाले, तह खरा होता. त्याने जहाज सोडून दिलं. त्या युद्धातली ती शेवटची समुद्रातली झटापट.

"मला तो कप्तान समजतच नाही," मी टेबलावर हात आपटून म्हणाले. "समोरचा माणूस तोंडाने सांगतोय की मिटलंय. ऐकून घ्यायला काय जातं?"

टाळ्या पडल्या. चांगल्या पडल्या. पेंगणारेही जागे झाले होते.

चिटणिसांनी प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा दादूस उभा राहिला. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि हात मागे बांधले. तो बरीच वर्षं परदेशी जाणाऱ्या मालवाहू बोटींवर खलाशी होता, नंतर बंदरात बोटी ओढणाऱ्या टगवर.

"बाई बोलल्या, तिथं समुद्र शांत होता. मी त्या वाटंनं गेलोय. तिथं पानी शांत नसतं. लय ओढीचं हाय."

"पुस्तकात तसं होतं," मी म्हटलं.

"असंल. आनि एक. ते मेले खलाशी, त्यांची नावां काय होती?"

"मी वाचलं त्यात नव्हती."

"कप्तानाचं हाय?"

"आहे."

"हां," म्हणाला आणि बसला.

लोकांना तो आपला एक साधा श्रोता वाटला. मला मात्र चारचौघांत चूक काढली त्याचा राग आला. पाण्याची चूक तेवढी माझ्या डोक्यात राहिली. त्याने विचारलेली नावं तेव्हा माझ्या कानावरून गेली.

व्याख्यान संपल्यावर मी पायऱ्या उतरले तर तो खाली उभा होता.

"बाय," म्हणाला.

सात वर्षांनी ही हाक. मी काय बोलावं? आज मला त्या वेळी बोलण्यासारखी शंभर वाक्यं सुचतात. मी म्हणाले, "पाण्याचं चुकलं असेल माझं, पण ते सगळ्यांसमोर सांगायलाच हवं होतं?"

तो हसला. "पानी ओढीचं हाय तर हायच. मी काय करू?" मग निळी पिशवी पुढे केली. "आगोट आनलीय. सात वर्सांची नाय हां, एकाच वर्साची. आपलं मिठागर नाय आता, मीठ उरणच्या बाजूनं आनलंय. घे. आनि मिटलं म्हन."

पिशवीत तो डबा होता. वरून छत्री दिसत होती.

माझा हात पुढे गेला होता, हे मी खरं सांगते. बोटं पिशवीच्या बंदाला लागली होती. आणि मग मी हात मागे घेतला.

"असं कसं मिटलं? आधी सांग, कागद परक्या माणसाच्या हाती पाठवलास ती चूक होती की नव्हती?"

"ते जाऊ दे आता."

"जाऊ कसं दे? चार माणसांसमोर म्हण, चुकलो. हळदीत म्हण, बारशात म्हण, कुठेही म्हण. मग मिटलं."

दादूसने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. रागावला नव्हता. त्याच्या डोळ्यांत लहानपणी मला चिडवताना यायची ती चमक होती.

"आता वर तूच बोललीस ना? तहात कारन लिवलंच नव्हतं. तरी मिटलं ना त्यांचं?"

मी रस्त्यावर रिक्षा बघायला लागले.

"आनि तो कप्तान. समोरचा बोलतो मिटलंय, ह्यो बोलतो निशान उतरव. लोकांनी टाल्या मारल्या तुला."

मला सगळं कळलं. न कळायला मी काय ढ होते? कळलं म्हणूनच तर भडकले. माझ्याच तोंडचं, माझ्याच टाळ्या घेतलेलं, अर्ध्या तासात माझ्यावर उलटवलं होतं, आणि तेही चौथीनंतर शाळा सोडलेल्या माणसाने. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून दिलेली.

"माझं व्याख्यान मला ऐकवू नकोस," मी म्हटलं आणि समोरच्या रिक्षात बसले.

त्याने पिशवी आत माझ्या पायाशी ठेवली. रिक्षा निघाली तेव्हा त्याने हात वर केला, बंदरावरून बोट निघताना करतात तसा. मी पाहिलं, पण हात वर केला नाही.

घरी नवरा म्हणाला, "ठेवून घे ना आता. माणूस स्वतः आला." मी डबा स्वयंपाकघरात आणूही दिला नाही. रात्रभर बाल्कनीत राहिला. सकाळी कोपऱ्यावरच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला गावाचं, घराचं सांगितलं आणि डबा परत पाठवला. झाकणसुद्धा न उघडता, भरलेलाच.

रिकामं भांडं परत करू नये, एवढं आम्हाला शिकवलं होतं. भरलेलं परत करू नये असं कोणी शिकवलं नव्हतं, कारण तसं कोणी करत नाही.

आणखी एक गोष्ट मला पुढे बऱ्याच दिवसांनी, भांडी घासता घासता सुचली. त्याने कागद दुसऱ्याच्या हाती पाठवला म्हणून मी सात वर्षं बोलले नव्हते. डबा मीही दुसऱ्याच्याच हाती पाठवला.

मी वाट पाहत होते. हे कोणाला खरं वाटणार नाही, पण डबा परत पाठवल्यावर मी रोज वाट पाहत होते. मला वाटायचं तो चिडेल, फोन करेल, तावातावाने भांडेल आणि भांडता भांडता 'चुकलो' म्हणेल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. फुलांचे फोटो मात्र रोज येत राहिले. कधी कमळ, कधी सदाफुली. एकदा उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र दाबलं होतं, पाठवायच्या आधी पुसून टाकलं.

जुलैत एका सकाळी फोटो आला नाही. दहाच्या सुमाराला वहिनीचा फोन आला. मी भाजी निवडत होते.

"बाय, तुजा दादूस गेला."

रोजच्यासारखा जेट्टीवर जाऊन बसला होता म्हणे, मचवे मोजत. तिथेच बसल्या जागी गेला. शेजारच्याला वाटलं डुलकी लागली.

मी सात वर्षांनी माहेरच्या दारात गेले. भूखंडावर आता तीन मजली इमारत होती, खाली तिचं पार्किंग, त्यात त्याला ठेवलं होतं. मला वाटलं होतं बायका तोंडं फिरवतील, कोणी टोमणा मारेल. मी त्याची तयारी करून गेले होते, किंबहुना मला तो हवा होता. पण मला पाहताच बायकांनी वाट करून दिली, हाताला धरून अगदी त्याच्या उशाशी नेऊन बसवलं. कोणी एक शब्द बोललं नाही. मला वाटलं, मयताच्या घरी बोलत नाहीत म्हणून.

बाराव्याला मला खरं काय ते कळलं.

जेवणं उरकली होती. आमच्या भावकीतली एक म्हातारी, नात्याने माझी काकी, माझ्याजवळ सरकली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एक बरं झालं गो बाय, त्याच्या जीतेपनी तुमचं मिटलं. नायतर जीव अडकला असता त्याचा."

मला कळेना.

"तो आयलाता ना तुज्याकडं पनवेलला," ती सांगायला लागली. "दुसरे दिशी सगल्या गावाला सांगत फिरला, बायचं ना माजं मिटलं. बाय काय बोलली सभेत, लोकांनी कशा टाल्या मारल्या, सगलं सांगितलंन. त्या बोटीची गोष्ट तर कितींदा. आपले खलाशी मेले बोलतो त्या लढाईत, कोनाला म्हाईत नव्हतं, माज्या बहिनीनं शोधून काढलं."

आजूबाजूच्या बायका माना डोलवत होत्या. त्यांनीही ऐकली होती ती गोष्ट. एकीने तर मला विचारलं, "तो कप्तान नंतर शरमला असंल ना गो?"

तहाची बातमी साऱ्या गावाला पोचली होती. फक्त तो तह झाला नव्हता. त्याने एकट्यानेच सही करून टाकली होती, आणि माझ्या वाटची सहीही त्यानेच ठोकली होती. मला न विचारता. पुन्हा एकदा न विचारताच.

मी तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, नाही हो काकी, मिटलं नव्हतं, मी त्याला निशाण उतरवायला सांगत होते. चार माणसांसमोर चूक कबूल करायची म्हणजे काय, हे त्याला शिकवायला निघालेली मी. समोर चार नव्हे, चाळीस माणसं होती. मी मान हलवली आणि म्हटलं, "हो, बरं झालं."

निघताना वहिनीने आतून डबा आणला. तोच. झाकणाला बांधलेली सुतळीसुद्धा तशीच, न सोडलेली.

"ही तुजी आगोट राह्यलीय," ती म्हणाली. "ते बोलले, डबा जड, बायला नेता आला नाय, रिक्षावाल्याकडं परत धाडला. हाताला लावू देत नव्हते कोनाला. आमचे सोडे सरले तर बाजारातून आनले, पन ह्यातला एक घेतला नाय. बोलायचे, मी नेऊन देतो दहीकाल्याच्या आधी."

मी डबा घेतला. जड होता खरा. वहिनीच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस झालं नाही. तिला ठाऊक होतं की नव्हतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

घरी येऊन उघडला. पावसाळी हवेने मिठाला पाणी सुटलं होतं आणि ते जवळ्यात उतरलं होतं. सोडे वेगळ्या पुडीत होते म्हणून वाचले. बोंबील नीट एकसारखे कापून, दोऱ्याने बांधून ठेवलेले, आई बांधायची तसे. मी मिठाचा एक ओला खडा तोंडात टाकला. मग ओट्यापाशी उभी राहून रडले, फार रडले. नवरा दारापर्यंत आला आणि परत गेला. ते सोडे मी त्या पावसाळ्यात थोडे थोडे करून संपवले. दर वेळी वाटायचं, हे संपले की काय उरणार.

अलीकडे वाचनालयाने पुन्हा व्याख्यानाला बोलावलं. त्याच लढाईवर बोला म्हणाले, लोकांना आवडलं होतं. मी नाही म्हटलं. त्या कप्तानाबद्दल आता मला टेबलावर हात आपटून बोलता येणार नाही. तोही तहाचं ऐकत होता, त्यालाही ते बहुधा खरं वाटत होतं, आणि तरी समोरच्याचं निशाण खाली आलेलं त्याला बघायचं होतं. मला तो अगदी नीट समजतो. त्याने दुसऱ्या दिवशी जहाज सोडून दिलं, पण मेलेले खलाशी मेलेच. त्यांची नावं काय होती, हे दादूसने विचारलं होतं. त्यानंतर मी आणखी दोन पुस्तकं चाळली. मला सापडली नाहीत.

म्हणून हे लिहिते आहे. व्याख्यानात नाही, लिहून. आमच्या गावात पुस्तकं फारशी पोचत नाहीत, पण अशा लिहिण्याचे फोटो काढून लोक एकमेकांना पाठवतात. माझ्या भाच्याच्या बायकोच्या फोनवर हे कधी ना कधी जाईल आणि ती वहिनीला वाचून दाखवेल. तर वहिनी, ऐक. डबा जड होता म्हणून परत आला नव्हता. तो मी परत पाठवला होता, दादूसने मिटव म्हटल्यावर. आमचं मिटलं नव्हतं. त्याने मिटवलं होतं, मी नव्हतं. चुकले मी.

डबा घासून ठेवला आहे. उद्या नाचणी भाजायला घेणार आहे. लाडू झाले की या खेपेला मी स्वतः घेऊन येईन, कोणाच्या हाती पाठवणार नाही. तू दार उघडशील की नाही, ते तू ठरव.